होडीची तकाकी

"हात लावशील तर हात तोडीन," असं हिरामण ज्याला म्हणाला ते एक वासरू होतं.

वासराला हात नसतात हे हिरामणला ठाऊक होतं. पण वैशाखातली सकाळ, हातात भरलेला ब्रश आणि पीयू पॉलिशचा दुसरा कोट अर्ध्यावर, अशा वेळी जनावराच्या शरीररचनेचा विचार कोण करत बसतो! वासरानं जीभ काढून होडीच्या काठाकडे मान लांबवली होती. काठ गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. वासराचं तसं काही चुकलं नव्हतं.

"अंबूबाय, तुजं वासरू आवर! नायतर यालाबी कोट मारून हितंच उभं करीन."

"मार की रं," ओट्यावर भाजी निवडत बसलेली अंबूबाई म्हणाली. "पावसात भिजायचं तरी नाय."

होडी ओंडक्यांवर टेकवून उभी होती ती धामणशेत ग्रामपंचायतीच्या पटांगणात. धामणशेत कडावच्या आतल्या अंगाला. तिथून समुद्र इतका लांब, की गावात बोंबील येतात तेसुद्धा टेंपोतून आणि वाळून. नदी मात्र आहे. उन्हाळ्यात तिच्यात म्हशी बसतात आणि म्हशींच्या पाठी कोरड्या राहतात. आषाढात तीच नदी साकवावरून वाहू लागते, आणि पलीकडचा उंबरपाडा पाणी उतरेपर्यंत कुठल्याच तालुक्यात नसतो.

साकव उंच करा म्हणून गावानं किती वेळा सांगून पाहिलं. साकव काही उंच झाला नाही. पण खालापूरकडच्या एका कंपनीला समाजकार्य करायचं होतं, आणि तिथल्या मोठ्या साहेबांना लहानपणी चित्रात होडी काढायला फार आवडायची म्हणे. म्हणून एक दिवस ट्रेलरवरून होडी आली. उरणकडच्या सुतारानं बांधलेली, खालून डांबर फासलेली, वरून काठ, बसायच्या फळ्या आणि वल्ही असं सगळं कोरं सागवान. सुतार जाताना एवढंच म्हणाला, "वरच्या लाकडाला कायतरी मारून घ्या. नायतर ऊन-पाऊस खाऊन टाकंल."

गावात कायतरी मारणारा माणूस एकच. हिरामण.

मिशी काळी होती तेव्हापासून हिरामण लाकडाला पॉलिश करत आला होता. कर्जत-कडावच्या फार्महाऊसांची दारं, झोपाळे, जिन्यांचे कठडे. ज्या दारांचा त्यानं आरसा केला, ती सगळी दारं काम संपल्यावर त्याच्याच तोंडावर बंद झाली. एकदा बायकोला, सुंदराला, आपलं काम दाखवावं म्हणून तो तिला एका बंगल्यापर्यंत घेऊन गेला होता. वॉचमननं फाटकातून पुढे सोडलं नाही. फाटकातून दार दिसेना, मध्ये बोगनवेल होती. सुंदरा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान हाय." ती बोगनवेलीला म्हणाली हे हिरामणला कळलं. परतीच्या वाटेवर तो रिक्षावाल्याशी भांडला.

भांडण हा त्याचा स्वभाव होता असं लोक म्हणत. पण दोन पावसाळ्यांपूर्वीपर्यंत ते भांडण साधं होतं, धूळ उडवणाऱ्यांपुरतं. दोन पावसाळ्यांपूर्वी उंबरपाड्यात दिलेल्या त्याच्या लेकीला, समीक्षाला, सातव्यातच कळा आल्या. साकवावर पाणी होतं. माणसांनी तिला झोळीत घातलं आणि डोंगराच्या अंगानं फिरवून रस्त्याला आणलं. समीक्षा वाचली. बाळाचं नाव काय ठेवायचं हे ठरवायची वेळ आली नाही. तेव्हापासून हिरामण सगळ्यांवरच चिडलेला होता. नदीवर, साकवावर, झोळी धरणाऱ्यांवर, डोंगर तिथं आहे म्हणून डोंगरावर.

आता समीक्षाला परत दिवस गेले होते. आषाढात मोकळी होणार होती. हिरामण तिला न्यायला गेला, तर तिनं खाटेवरच्या सासूकडे बोट दाखवलं. सासूचं एक अंग वाऱ्यानं गेलेलं.

"ह्यांना कूस बदलाया दोन मानसं लागतात, बाबा. एक मी नि एक तुमचा जावई. मी आले तर ह्यांचं कोन करंल?"

"मग पानी आलं तर?"

"आता होडी हाय ना," समीक्षा म्हणाली. तिनं ते अगदी सहज म्हटलं. जावयाला, ऋतिकला, उगाचच दोन शब्द सुनावून तो परत आला आणि त्याच दुपारी त्यानं सागवान घासायला घेतलं.

आणि मग गावाचे हाल सुरू झाले.

पीयू म्हणजे काही घराला चुना मारणं नव्हे. लाकूड आधी घासायचं, मग आणखी बारीक पेपरनं घासायचं. फळ्यांच्या धारा बोटाला लागणार नाहीत इतक्या गोल करायच्या, कारण धारेवर थर टिकत नाही. सागाच्या अंगात तेल असतं, ते थिनरच्या फडक्यानं पुसून काढायचं. मग पहिला कोट पातळ, लाकडानं पिऊन टाकावा असा. हार्डनर मिसळला की डबा जिवंत असेतोवरच काम. उशीर केलात तर डब्यातच दगड. दव वाळल्यावर सुरुवात करायची आणि वारा सुटायच्या आत उरकायचं. एवढं करून ओल्या कोटावर धुळीचा एक कण बसला, तर तो कण जन्मभर तिथं बसून तुमच्याकडे बघतो.

म्हणून हिरामण कोट मारत असेतोवर गावात केर काढायला बंदी. सुपात काही पाखडायला बंदी. खडीच्या डंपरसमोर तो ब्रश घेऊन आडवा उभा राहिला आणि डंपर उलटा न्यायला लावला. दळणाची गिरणी बंद ठेवायला लावली, त्यामुळे गावानं भात खाल्ला. पुठ्ठ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी लिहिली, 'ओलं आहे. हात लावू नये', आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी तीच पाटी तो ओरडून वाचायचा.

एका सकाळी बेंजो वाजवत वरात आली. पटांगणाच्या कडेनंच मांडवाचा रस्ता. पोरं, बाया, म्हातारे, सगळे नाचत आलेले, मागे धुळीचा ढग. हिरामण रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"थांबवा."

"ओ काका, लगीन हाय," नवऱ्याचा भाऊ म्हणाला.

"मंग करा ना लगीन. धूळ कशाला करता?"

"नाचायचं नाय का मग?"

"नाचा की. नाचायला कोन नाय बोलतंय? पाय उचलू नका फक्त."

वरातीनं एकमेकांकडे बघितलं. हिरामणच्या डोळ्यांकडेही बघितलं. मग बेंजो परत सुरू झाला आणि अख्खी वरात कमरेच्या वरून नाचत, पाय जमिनीला चिकटवून, सरकत सरकत पटांगणापुढून गेली. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं की कमरेइतक्या चिखलातून लग्न चाललंय. घोड्याला ही गोष्ट समजावता येईना, म्हणून हिरामणनं तो मागच्या गल्लीनं पाठवला. त्यामुळे नवरदेव वरातीच्या कितीतरी आधी मांडवात पोचला आणि एकटाच बसून राहिला.

इतकं करून शेवटी घात केला तो अंबूबाईनंच. नाकाडाला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, शेवटचा कोट मारून हिरामण घोटभर चहा प्यायला घरी गेला. परत येऊन बघतो तर ओल्या कोटावर हळदीची पाच बोटं आणि कुंकवाचा टिळा. कुंकू कोटात खाली खाली उतरत होतं आणि शेवटी मध्येच थांबलं, काचेत माशी अडकावी तसं.

"कोनी केलं हे?"

"मीच," अंबूबाई शांतपणे म्हणाली. "नवं गाडं आलं तर पुजतात. होडी तर बाईमानूस. तिला कुंकू नको?"

"अगं, ओली होती ती!"

"मग बरं झालं. चिकटलं तरी."

हिरामण जे काही बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. अंबूबाई त्याच्या आईच्या वयाची होती आणि तिनं ते सगळं ऐकून घेतलं. वर म्हणाली, "तुज्या लेकीसाटीच लावलं रं."  पण थर कडक झाल्यावर त्यानं नाकाड पुन्हा लाकडापर्यंत घासलं, हळद-कुंकू पाण्याबरोबर खाली गेलं, आणि सगळे कोट पहिल्यापासून चढवले. कुंकवाखालून पाणी शिरतं. देव शिरतो की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

ज्येष्ठाच्या तोंडावर काम संपलं. ऊन पडलं की होडीकडे बघवत नव्हतं. सागाची एक-एक रेष मधात ठेवल्यासारखी दिसायची. काठात बाया टिकली नीट करून घेत. कडावहून, भिसेगावहून माणसं बघायला येऊ लागली. प्राची नावाची एक शिक्षिका वर्गातल्या मुलांना रांगेनं घेऊन आली. आणि एक दिवस कुणीतरी होडीजवळ जाताना पायातली चप्पल काढली.

कुणी काढली ते कळलं नाही. पण दुसऱ्यानं ती चप्पल बघितली आणि आपलीही काढली. आठवड्याभरात होडीपुढे चपलांचा ढीग दिसू लागला. मग एक झेंडूची माळ आली. मग उदबत्ती. दहावीच्या निकालाआधी एका बापानं मुलाचं हॉल तिकीट नाकाडाला टेकवलं, मुलगा सुटला, आणि मग विचारूच नका.

सरपंच स्वप्नील, हिरामणच्या चुलतभावाचा मुलगा, वयानं लहान, अंगानं मोठा. त्यानं होडीवर पत्र्याची शेड उभारली, भोवती साखळी लावली, कुलूप घातलं आणि काठावरून लाल फीत बांधली. हिरामणची पुठ्ठ्याची पाटी त्यानं ठेवली तशीच, कारण अक्षर चांगलं होतं. त्यामुळे होडी पाण्यात न जाताच पावसाळा येईपर्यंत ओलीच राहिली.

"फीत कोन कापनार?" हिरामणनं विचारलं.

"साहेब. तारीख मागितलीय, तात्या."

"कुठले साहेब?"

"ते अजून ठरायचंय. कंपनीचे का आपले."

"आधी पान्यात घाल. मग बसा कापत."

"फीत न कापता पान्यात घालू? उद्या कंपनीवाले बोलतील, देनगीचा अपमान केला." स्वप्नीलनं होडीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची माया होती. "आनि तात्या, घाटावर सगळ्या गारगोट्या. ओढत नेली तर तुमच्या कामाचं काय होईल?"

हिरामण भांडायच्या तयारीनं आला होता. त्यानं तोंड उघडलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे गारगोट्यांवरून घासत जाणारा काठ आला, आणि तोंडातून निघालं ते असं:

"ओढू नको. फळ्यांची उतरण करून घे आधी."

"बघा! मी तेच बोलतोय," स्वप्नील म्हणाला, आणि उतरणीचं काम सुताराकडे गेलं, आणि सुतार गावाला गेला.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत हिरामण संध्याकाळी पटांगणात येऊन बसायचा. काही करायचा नाही. लोक होडीकडे बघायचे आणि तो लोकांकडे बघायचा. सुंदराही एकदा येऊन बसली. तिनं पदरानं एक डाग पुसल्यासारखं केलं, डाग नव्हताच. "ह्याच्यामधी तर तोंड दिसतं," ती म्हणाली. या वेळी मध्ये बोगनवेल नव्हती. हिरामण त्या दिवशी कुणाशीही भांडला नाही.

आषाढातल्या एका दुपारी ऋतिकचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज इतका, की तो नदीतूनच बोलतोय असं वाटत होतं.

"मामा, समीक्षाला कळा सुरू झाल्या. साकव गेला पान्याखाली. होडी आना."

हिरामण पटांगणापर्यंत धावत गेला. पत्र्याची शेड, खाली होडी, होडीवर फीत, भोवती साखळी, साखळीला कुलूप. किल्ली स्वप्नीलकडे, आणि स्वप्नील तारीख आणायला कर्जतला. शेडमध्ये पावसापासून आडोशाला दहा-बारा माणसं उभी होती. सगळी अनवाणी.

"उचला! समीक्षाला आनायचंय, उचला होडी!"

माणसं हलली, पण मागे.

"दादा, फीत?" एक जण म्हणाला.

"नारळ तरी फोडूया," दुसरा म्हणाला. "एकदम कसं काय..."

"मी आनते," म्हणत अंबूबाई त्या पावसात खरंच नारळ आणायला पळाली.

"आन् बसायचं कसं तिच्यात?" कमळ्या नावाच्या शेजाऱ्यानं विचारलं. कमळ्या वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाय कुठं द्यायचा, हिरामणदादा? आमी हात जोडतो तिला. तुमीच बोलला व्हता हात लावू नका."

हिरामणनं एकदा पुठ्ठ्याच्या पाटीकडे बघितलं. मग त्यानं पंचायतीच्या मागून पहार आणली, साखळीच्या कडीत घातली आणि अंगातल्या सगळ्या शिव्यांसकट दाबली. कडी तुटली. फीत त्यानं दातांनी तोडली. ज्या साहेबांचं अजून ठरायचं होतं त्यांचं उद्घाटन असं झालं.

"आता उचला, नायतर एकेकाला पहारीनं उचलीन."

उचलली. पण कशी? पालखी उचलावी तशी. गोणपाटाच्या घड्या खांद्यावर ठेवून, त्यांच्यावर काठ. चिखलातून एक-एक पाऊल जपून. कुणीतरी मागून सांगतंय, सावकाश, डावीकडं बाभळीची फांदी हाय, वाकवा, वाकवा, चरा पडंल. कुणीतरी सवयीनं छत्री धरली, ती माणसांवर नाही, नाकाडावर.

"ओढा तिला!" हिरामण किंचाळत होता. "टाका खाली नि ओढा! फरफटत न्या!"

"असं काय करता दादा? तुमचं काम हाय ते," लोक त्यालाच समजावत होते. माणसं रागाला घाबरतात, पण भक्तीपुढे त्यांना रागही ऐकू येत नाही. हिरामण एकटाच खाली ओढायचा प्रयत्न करी आणि बाकीचे सगळे मिळून वर धरत. अशा चालीनं ती मिरवणूक घाटाच्या चढावर पोचली आणि तिथं थांबली, कारण समोर नदीत समीक्षा येत होती.

टोपातून येत होती. उंबरपाड्याच्या नागूचा लग्नाच्या जेवणांना भाड्यानं द्यायचा भाताचा टोप. अख्खं गाव जेवेल एवढा. टोपावर रंगानं लिहिलेलं, 'नागू मंडप डेकोरेटर्स, आमच्याकडे सर्व काही मिळेल'. आत समीक्षा बसलेली, गुडघे दुमडून, दोन्ही हातांनी कान धरून, म्हणजे टोपाचे. एका बाजूनं ऋतिक आणि एका बाजूनं नागू पोहत होते, पलीकडल्या झाडाला बांधलेला दोर तोंडात धरून. पाण्याला ओढ होती. टोप स्वतःभोवती हळूहळू फिरत होता, त्यामुळे समीक्षा कधी माहेराकडे तोंड करून येत होती, कधी सासराकडे. एकदा टोप कलला आणि काठावरून पाणी आत गेलं.  मग टोप सरळ झाला आणि परत फिरू लागला.

हिरामणच्या खांद्यावर त्या वेळी होडी होती. बाकीचे सगळे उभे राहिले म्हणून तिचा पुढचा भार त्याच्यावरच आलेला. हात सुटेनात.

टोप गारगोट्यांवर घासत येऊन थांबला. समीक्षानं वर बघितलं. चढावर अनवाणी माणसं, त्यांच्या खांद्यावर झेंडूची माळ घातलेली चकचकीत होडी, तिच्यावर छत्री, आणि पुढे बाप.

"बाबा," ती दातांवर दात दाबून म्हणाली, "ती होडी खाली ठेवा नि मला धरा."

टेंपोनं तिला कर्जतला पोचवलं. संध्याकाळी मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. दवाखान्याच्या बाहेर बाकावर हिरामण बसला होता, ओल्या सदऱ्यात, पहार अजून हातात. ती काढून घ्यायची कुणाची हिंमत झाली नव्हती. माणसं येत, पेढा देत, जात. तो पेढा हातात धरायचा आणि पुढच्याला द्यायचा. सुंदरा आतून येऊन म्हणाली, नाक तुमच्यावर गेलंय, तरी त्याची मान वर झाली नाही.

मग स्वप्नील आला. धावत आला होता बिचारा, चेहरा उतरलेला. त्यानं हिरामणचे पायच धरले.

"तात्या, माजी चूक झाली. किल्ली ठेवून जायला पायजे होती. पन टेन्शन घेऊ नका. होडी मी नीट जागेवर नेऊन ठेवली. सगळी बघितली वाकून." पाय त्यानं अजून सोडले नव्हते. "एक चरा नाय पडला, तात्या. एक चरा नाय."

हिरामण त्याच्याकडे बघत राहिला. दोन पावसाळे तो ज्याच्यावर चिडायचं ते शोधत होता. नदी मिळाली होती, साकव मिळाला होता, डोंगर मिळाला होता. आता आणखी एक गोष्ट मिळाली आणि ती त्याच्याच हातची होती.

सकाळी शेडमधून खसाखसा आवाज येऊ लागला. पाणी भरलेली बादली, तिच्यात भिजवलेला वॉटर पेपर, आणि हिरामण होडीचा काठ घासतोय. पेपर जिथून जाई तिथून आरसा निघून जाई, मागे राखाडी, आंधळा पट्टा राही. बघता बघता गाव जमलं.

"येडा झाला काय?" कमळ्या ओरडला. "आवरा कोनीतरी!"

स्वप्नील तुटलेली साखळी ओलांडून आत आला. "तात्या, थांबा! काय करताय? किती दिवस घालवलेत त्याच्यावर! गावाला बेंजोवर नाचूसुद्धा दिलं नाय नीट!"

"थर शाबूत हाय," हिरामण हात न थांबवता म्हणाला. "खाली पानी जानार नाय. फक्त त्वांड बघायचं बंद करतोय."

"पन हे तुमचं काम हाय ना!"

"मग काय तुजं हाय? सर तिकडं."

"साहेबांना काय सांगू?"

"सांग, होडी जुनी झाली."

अंबूबाई नारळ घेऊन उभी होती, कालचाच. तिनं होडीच्या घासलेल्या काठावरून बोटं फिरवली. मग तिनं तो नारळ गुपचूप पदराखाली घेतला आणि संध्याकाळच्या आमटीत घातला.

दुपार होईतो काठ गेला, फळ्या गेल्या, वल्ही गेली. नाकाड त्यानं सगळ्यात शेवटी घेतलं. तिथं त्यानं पेपर टेकवला आणि हात थांबला. माणसं बघत होती.  सुंदरा पुढे झाली, तिनं बादलीतून पाण्याची ओंजळ घेतली आणि नाकाडावर टाकली, कोरडं घासू नये म्हणून. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. हिरामणनं घासायला सुरुवात केली.

संपलं तेव्हा होडी कुणाच्याही दारातल्या जुन्या बाजेसारखी दिसत होती.  आधी एकानं आणि मग सगळ्यांनी आपापल्या चपला शोधून पायात घातल्या. मग माणसांनी दोर बांधला आणि होडी ओढत नेली, बाभळीखालून, गारगोट्यांवरून, खडखडत, जशी न्यायची तशी.

दुसऱ्या दिवशी समीक्षाच्या सासूला बघायला जायचं होतं, कूस बदलायला माणूस हवं म्हणून. हिरामण आणि सुंदरा घाटावर आले तेव्हा होडी भरत आली होती. कुणी युरियाची गोण आणून आपटली. कुणी गॅसची टाकी आडवी लोळवली. ओल्या पायांचा चिखल फळीभर झाला होता. एका गड्यानं तंबाखू मळून उरलेला चुना काठाला पुसला, न बघता, आपल्याच घरच्या खांबाला पुसावा तसा. हिरामणच्या छातीत काहीतरी भडकन पेटलं. तोंडापर्यंत आलं. त्यानं ते गिळलं.

तो फळीवर बसला. नागूनं नदीवर आडवा बांधलेला दोर ओढायला घेतला आणि होडी पाण्यात सरकली. पाण्याचा जोर होता. धरायला म्हणून हिरामणचा हात फळीच्या खाली गेला, आणि तिथंच राहिला.

फळ्यांना त्यानं खालूनही कोट मारले होते. लाकूड खालूनही सडतं. आणि खालची बाजू काल घासायची राहूनच गेली होती. बोटांखाली ती बाजू काचेसारखी गुळगुळीत होती, कुठं कण नाही, कुठं ब्रशची रेघ नाही. त्यानं तळवा हळूच पुढे नेला, मागे आणला.

"काय शोधताय?" सुंदरानं विचारलं.

"काय नाय," हिरामण म्हणाला, आणि गॅसच्या टाकीवर खेकसला, नीट राहा म्हणून.